विश्लेषण : रक्तातील वायू क्षणोक्षणी मोजणारा प्रकाश; सेन्सर आहे, पण तो आधी लावायचा कुठे?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर दिवसातून दोन-तीन वेळा तरी एक शब्द पडतो, ‘एबीजी’. मनगटाच्या धमनीतून रक्त काढायचे, ते यंत्रात घालायचे आणि आलेल्या आकड्यांनुसार व्हेंटिलेटर कमी-जास्त करायचा, असा हा क्रम. पुन्हा पुन्हा रक्त न काढता हेच आकडे प्रकाशाच्या मदतीने सतत पडद्यावर दाखवणारे सेन्सर काही दशकांपासून अस्तित्वात आहेत. काही ठिकाणी ते रोजच्या वापरात रुळले, तर काही ठिकाणी मोठ्या अपेक्षेने येऊन मागे पडले. असे का झाले, हे समजून घेतले तर आपल्याकडच्या रुग्णालयांनी या तंत्रावर कुठे खर्च करावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, याचे उत्तर सापडते.

एबीजी चाचणी नेमके काय सांगते?

एबीजी म्हणजे ‘आर्टेरियल ब्लड गॅस’, अर्थात धमनीतील रक्तात असलेल्या वायूंची तपासणी. हे वायू दाबाच्या रूपात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजले जातात. निरोगी प्रौढ व्यक्तीत ऑक्सिजनचा दाब साधारण ८० ते १०० आणि कार्बन डायऑक्साइडचा ३५ ते ४५ असतो. रक्ताची आम्लता सांगणारा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. ऑक्सिजनचा आकडा फुप्फुसे रक्ताला किती प्राणवायू देत आहेत ते सांगतो. कार्बन डायऑक्साइडचा आकडा श्वास पुरेसा होतो आहे की नाही ते सांगतो. पीएच सांगतो की शरीर या सगळ्याशी कितपत जुळवून घेत आहे.

या आकड्यांचे मोल जगाला १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये कळले. पोलिओच्या साथीत तेथील ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते. सुरुवातीच्या ३१ पैकी २७ रुग्ण दगावले. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसत होता. डॉक्टर त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले असा लावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी वेगळे मत मांडले. श्वास अपुरा पडल्याने हा वायू शरीरात साचतो आहे आणि रक्त उलट आम्लधर्मी झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पॉल अ‍ॅस्ट्रप यांनी पीएच मोजून ते खरे ठरवले. मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रबरी फुगा दाबत रुग्णांना श्वास दिला आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथे झाली, असे मानले जाते. एका आकड्याचा अर्थ चुकला तर काय होते आणि बरोबर लागला तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मग सध्याच्या पद्धतीत अडचण काय?

अडचण दोन नमुन्यांच्या मधल्या वेळेची आहे. सकाळी सहाला काढलेला नमुना सकाळी सहाची स्थिती सांगतो. आठ वाजता नळीत कफ अडकला, बाळाची कूस बदलताना नळी हलली किंवा फुप्फुसाचा एक भाग मिटला, तर रक्तातील वायू काही मिनिटांत बदलतात. पुढचा नमुना दुपारी असेल तर तोपर्यंतचा काळ अंदाजावर जातो.

नमुना काढणेही सोपे नाही. धमनी शिरेपेक्षा खोल असते आणि सुई जास्त दुखते. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे चुकतात. नमुना यंत्रापर्यंत पोहोचायला उशीर झाला तर रक्तातील पेशी ऑक्सिजन वापरत राहतात आणि निकाल बदलतो. शिवाय प्रत्येक वेळी थोडे रक्त जाते. प्रौढाला त्याचे फारसे वाटत नाही. पण एक किलो वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८० ते १०० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाच्या कपाइतकेही नाही. त्यातून दिवसात अनेक वेळा रक्त घेतले तर पुढे बाळाला रक्त चढवण्याची वेळ येऊ शकते.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर पुरेसा नाही का?

कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेले पल्स ऑक्सिमीटर हेही प्रकाशावर चालणारेच यंत्र. जपानमधील निहॉन कोडेन कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले. बोटातून तांबडा आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश जातो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला आहे की नाही, यावर कोणता प्रकाश किती शोषला जाईल हे ठरते. त्या फरकावरून ‘९७ टक्के’ असा आकडा मिळतो. जगभरात असंख्य जीव वाचवणारे हे यंत्र आहे, यात शंका नाही. पण त्याच्या तीन मर्यादा आहेत.

पहिली, ते कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीच सांगत नाही. जुन्या दम्याने किंवा धूम्रपानाने फुप्फुसे खराब झालेल्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन लावला तर बोटावरचा आकडा ९८ दिसतो. आत मात्र कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.

दुसरी, वरच्या टोकाला हे यंत्र आंधळे होते. ऑक्सिजनचा दाब ६० असताना ऑक्सिमीटर साधारण ९० टक्के दाखवतो आणि दाब १०० च्या आसपास असताना ९७-९८ टक्के. त्यानंतर दाब १५० झाला काय किंवा ३०० झाला काय, आकडा शंभराच्या जवळच घुटमळतो. प्रौढात हे बऱ्याचदा चालून जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात चालत नाही, कारण जादा ऑक्सिजन त्याच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडवतो. ‘आरओपी’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार वेळेत पकडला नाही तर बाळाची दृष्टी जाऊ शकते.

तिसरी मर्यादा त्वचेच्या रंगाची. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑक्सिमीटरचे आकडे धमनीतील रक्ताच्या आकड्यांशी ताडून पाहिले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात ८८ टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजन असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावर आधी सावधगिरीची सूचना दिली. जानेवारी २०२५ मध्ये विविध त्वचारंगांच्या अधिक लोकांवर चाचणी घेण्याबाबत मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला. भारतात जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरील नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. किमतीला लगाम बसला, हे चांगलेच झाले. पण हे यंत्र कोणाच्या बोटावर किती चुकते, हा प्रश्न तितक्या जोरात विचारला गेला नाही.

प्रकाशाने वायू मोजतात म्हणजे काय करतात?

इथे वापरले जाणारे तत्त्व ऑक्सिमीटरपेक्षा वेगळे आहे. सेन्सरच्या टोकावर एका खास रंगद्रव्याचा पातळ थर असतो. त्यावर निळ्या किंवा हिरव्या प्रकाशाचा झोत टाकला की ते क्षणभर तांबूस चमकते. आजूबाजूला ऑक्सिजनचे रेणू असतील तर ते या चमकीची ऊर्जा काढून घेतात. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी चमक मंद आणि तितकी ती लवकर विझते. चमक विझायला लागलेला वेळ मोजला की ऑक्सिजनचा दाब कळतो. वेळ मोजण्याचा फायदा असा, की दिव्याचा उजेड थोडा कमी झाला किंवा तंतू वाकला तरी निकाल फारसा बिघडत नाही.

पीएचसाठी आम्लतेनुसार चमक बदलणारे रंगद्रव्य वापरतात. कार्बन डायऑक्साइडसाठी याच रंगद्रव्यापुढे फक्त वायू आत सोडणारा पातळ पडदा असतो. वायू आत शिरला की तिथले द्रावण आम्लधर्मी होते आणि त्यानुसार चमक बदलते. जर्मनीतील डीट्रिश ल्युबर्स आणि त्यांचे सहकारी ओपिट्झ यांनी १९७५ मध्ये अशा सेन्सरना ‘ऑप्टोड’ हे नाव दिले. त्याआधीचे सेन्सर विजेवर चालणारे ‘इलेक्ट्रोड’ होते. ऑक्सिजन मोजताना ते स्वतः थोडा ऑक्सिजन खर्च करतात. ऑप्टोड तो खर्च करत नाही. केसासारख्या काचतंतूच्या टोकावर तो बसतो, म्हणून तो थेट रक्तवाहिनीतही सरकवता येतो.

मनगटात घालायचे सेन्सर मागे का पडले?

१९८० आणि १९९० च्या दशकांत अनेक कंपन्यांनी हेच केले. मनगटाच्या धमनीत आधीच बसवलेल्या नळीतून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा सेन्सर आत सरकवायचा आणि तिन्ही आकडे सतत पाहायचे, अशी ही कल्पना. ‘पॅराट्रेंड ७’ हे त्यातले बरेच वापरले गेलेले नाव. प्रयोगशाळेत हे सेन्सर उत्तम चालले. रुग्णाच्या मनगटात गेल्यावर मात्र अडचणी सुरू झाल्या.

सेन्सरवर रक्ताची बारीक गुठळी जमली की तो त्या गुठळीतील वायू मोजू लागतो. टोक धमनीच्या भिंतीला टेकले की आकडा रक्ताचा न राहता शेजारच्या ऊतीचा येतो. रुग्णाने मनगट वाकवले किंवा रक्तदाब घसरून हातातला प्रवाह मंदावला की पुन्हा चूक. म्हणजे रुग्ण जितका गंभीर, तितका आकडा बेभरवशाचा. त्यामुळे खात्रीसाठी एबीजी काढावेच लागे. सेन्सर महाग होता आणि तो एका रुग्णापुरताच वापरता येत असे. त्याच्यामुळे अधिक रुग्ण वाचतात, असा ठोस पुरावाही उभा राहिला नाही. हळूहळू ही यंत्रे बाजारातून गेली.

मग ते यशस्वी कुठे झाले?

हृदय शस्त्रक्रियेत. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त शरीराबाहेरच्या हार्ट-लंग मशीनमधून फिरवले जाते. त्या यंत्राच्या नळीला प्रकाशावर चालणारा सेन्सर जोडलेला असतो आणि पीएच, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सतत पडद्यावर येत राहतात. यामागचे तत्त्व मनगटातल्या सेन्सरचेच. फरक जागेचा आहे. बाहेरच्या नळीत प्रवाह जोरदार असतो, टेकायला धमनीची भिंत नसते, मनगट हलण्याचा प्रश्न नसतो आणि रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे औषध दिलेले असल्याने गुठळी सहसा होत नाही. मनगटातल्या सेन्सरला नडलेल्या चारही गोष्टी इथे आपोआप दूर होतात.

दुसरी जागा म्हणजे त्वचा. त्वचेवर छोटी चकती चिकटवून तिथला भाग ४२ ते ४४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की खालच्या केशवाहिन्या रुंदावतात आणि वायू त्वचेतून बाहेर झिरपतात. तेच चकती मोजते. आधी यात इलेक्ट्रोड होते. आता ऑक्सिजनसाठी चमक मोजणारे सेन्सरही आले आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की ही पद्धत तिथे चांगली चालते. प्रौढाच्या जाड त्वचेतून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बरा येतो, ऑक्सिजनचा तितकासा येत नाही.

यात भारतासाठी महत्त्वाचा मुद्दा आहे. ऑक्सिमीटरचा प्रकाश त्वचेतून आरपार जातो, म्हणून त्वचेचा रंग आड येतो. इथे प्रकाश चकतीच्या आतच राहतो आणि त्वचेतून फक्त वायू येतो. त्यामुळे त्वचेच्या रंगाची अडचण तत्त्वतः येत नाही. त्वचेची जाडी, सूज आणि रक्तप्रवाह यांचा परिणाम मात्र होतो. चकती गरम असल्याने तिची जागा दर काही तासांनी बदलली नाही तर नाजूक कातडी भाजू शकते.

याची सर्वाधिक गरज कोणाला?

नवजात शिशु अतिदक्षता विभागातील बाळांना. अमेरिकेत १३१६ बाळांवर झालेल्या ‘सपोर्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. २४ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्या या बाळांच्या दोन गटांपैकी एकात ऑक्सिजनची पातळी ८५ ते ८९ टक्के, तर दुसऱ्यात ९१ ते ९५ टक्के ठेवण्याचा प्रयत्न झाला. कमी पातळीच्या गटात वाचलेल्या बाळांपैकी ८.६ टक्क्यांना तीव्र आरओपी झाला, जास्त पातळीच्या गटात १७.९ टक्क्यांना. पण रुग्णालयातून घरी जाण्याआधी दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण कमी पातळीच्या गटात १९.९ टक्के आणि दुसऱ्यात १६.२ टक्के होते. एका बाजूला डोळे, दुसऱ्या बाजूला जीव आणि मधे जेमतेम काही टक्क्यांची वाट. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. तो फार कमी झाला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, फार वाढला तर त्या फुगतात आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. ही वाट सहा तासांतून एकदा पाहून चालण्यासारखी नाही.

म्हणूनच सतत मोजणीवर मर्यादित पैसा खर्च करायचा असेल, तर तो आधी वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठ्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशु विभागांत व्हायला हवा. प्रौढांच्या आयसीयूतील प्रत्येक खाटेला महागडा सेन्सर जोडण्याची घाई करण्याचे कारण नाही. व्हेंटिलेटरवरील बऱ्याच प्रौढांसाठी श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ आणि वेळेवर काढलेला एबीजी ही जोडी उपयोगी पडते. फुप्फुस फार खराब असेल तर श्वासातील आणि रक्तातील आकड्यांत अंतर पडते, एवढे लक्षात ठेवायला हवे.

जिथे साधी एबीजीच होत नाही, तिथे काय?

हा आक्षेप रास्त आहे. तालुक्याच्या किंवा छोट्या जिल्ह्याच्या ठिकाणी एबीजी यंत्र असले तरी कधी त्याचे कार्ट्रिज संपलेले असते, कधी रात्री ते चालवणारे कोणी नसते. अशा ठिकाणी सतत मोजणारा सेन्सर म्हणजे पायाआधी कळस. कारण या सेन्सरचा आकडा खरा की खोटा, हे एबीजीशी ताडूनच कळते. मोजमापाची पट्टीच नसेल तर तिच्यावर ताडायचे यंत्र शोभेचे ठरते. एबीजी चोवीस तास उपलब्ध नसेल त्या रुग्णालयाने असा सेन्सर विकत घेऊ नये, असा साधा नियमच हवा.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. सतत येणारा आकडा सतत पाहणारे कोणी असेल तरच उपयोगी. एका परिचारिकेकडे चार-पाच गंभीर बाळे असतील आणि प्रत्येक यंत्र दर काही मिनिटांनी वाजत असेल, तर काही दिवसांत कान त्या आवाजाला सरावतात. नेमक्या वेळी वाजलेला खरा इशारा मग त्याच गोंगाटात हरवतो. यंत्राबरोबर माणसे वाढवली नाहीत तर खर्च होईल, बाळे वाचणार नाहीत.

खरेदी करताना काय पाहावे?

राज्यातील सरकारी रुग्णालयांसाठी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. निविदेत केवळ यंत्राची किंमत न पाहता तीन अटी घालता येतील. पहिली, खरेदीआधी आपल्याच रुग्णालयांतील बाळांवर सेन्सरचा आकडा आणि एबीजी यांची एकाच वेळी तुलना व्हावी आणि तिचे निकाल जाहीर व्हावेत. दुसरी, पडदे, चकत्या, कॅलिब्रेशनचा वायू यांसारख्या पुन्हा पुन्हा लागणाऱ्या साहित्याचा पाच वर्षांचा खर्च आधीच ठरलेला असावा. तिसरी, दुरुस्तीची मुदत आणि बंद पडल्यास दंड करारात असावा. मराठवाड्यातील रुग्णालयांना मिळालेल्या व्हेंटिलेटरच्या दर्जाचा वाद २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता. यंत्र रुग्णालयात पोहोचले म्हणजे रुग्णापर्यंत पोहोचले असे होत नाही, हे त्या वेळी दिसले.

डॉक्टरांसाठीही एक शिस्त लागेल. सेन्सर लावल्यावर एक एबीजी काढून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचे. पुढे पडद्यावरचा कल अचानक बदलला, तर व्हेंटिलेटरला हात लावण्याआधी बाळाकडे आणि चकतीकडे पाहायचे, शंका राहिल्यास पुन्हा नमुना काढायचा. सतत मोजणीचे काम नमुना कधी काढायचा हे सांगण्याचे आहे. नमुन्याची गरजच संपवण्याचे नाही.

नातेवाइकांनी काय विचारावे?

रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर तीन प्रश्न विचारायला संकोच नको. कार्बन डायऑक्साइड कसा आणि किती वेळाने तपासला जातो? अपुऱ्या दिवसांचे बाळ असेल तर ऑक्सिजनची वरची मर्यादा किती ठेवली आहे? आणि आरओपीसाठी डोळ्यांची तपासणी कोणत्या तारखेला आहे? शेवटचा प्रश्न बाळ घरी आल्यावरही विसरू नये, कारण ही तपासणी बहुधा जन्मानंतर तीन-चार आठवड्यांनी असते आणि तोवर काही बाळांना घरी सोडलेले असते. या प्रश्नांसाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही. त्यांची उत्तरे ज्या विभागात लगेच मिळतात, त्याच विभागात नव्या सेन्सरचा खरा उपयोग होईल.